पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही

फोन आला तेव्हा मी कसब्यात भाजी घेत होते. माझ्या धाकट्या भावाच्या, मिलिंदच्या, ऑफिसातला मुलगा रडत होता. "ताई, मिलिंद सर मीटिंग संपवून खुर्चीत बसले आणि…"

"संपवून?" मी वेड्यासारखं विचारलं.

"हो, संपवून."

त्याही क्षणी मला त्याचा अभिमान वाटला.

लहानपणी त्याचं नाक बारा महिने चोंदलेलं, कान वाहते, आवाज घोगरा. तो घोरायचा तर शेजारचे काका सकाळी विचारायचे, "काल ट्रक इथेच मुक्कामाला होता का?" शाळेत बाई म्हणायच्या, लक्ष नसतं. शेवटी टॉन्सिल काढायचं ठरलं. ऑपरेशनच्या आधी कान-नाक-घशाच्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला तपासलं. अरुंद घसा पाहिला, जाड जीभ पाहिली आणि एकदम त्याचा हात हातात घेतला. "बोटं सरळ कर, बाळा." ती होईनात. बाई आईकडे वळल्या. "ऑपरेशन राहू द्या. या घशात पूर्ण तयारीशिवाय भूल दिली असती, तर…"

मुंबईला तपासण्या झाल्या. शरीरातला एक पदार्थ मोडणारं रसायनच त्याच्यात जन्मतः नव्हतं. तो पदार्थ कानात, घशात, सांध्यांत, हृदयाच्या झडपांत साठत होता. परत आल्यावर आईनं त्याच डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझ्याकडून आलं का हो?"

"दोघांकडून थोडं थोडं. दोष कुणाचाच नाही."

"किती वर्षं…?" "अशी मुलं सहसा विशी गाठत नाहीत," बाई म्हणाल्या. औषधही नव्हतं. त्यांनी श्रवणयंत्र लिहून दिलं. खिशात डबी, कानात वायर. घरी येताच कुकरची शिट्टी झाली आणि मिलिंद दचकला. "ताई, हा रोज एवढा ओरडतो?" आम्ही सगळे हसत होतो, आई डोळे पुसत होती.

मग पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या. दोन वाकड्या बोटांनी टाइप करणारा मिलिंद मुलाखतीला गेला. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं ना?" हा म्हणाला, "येतं. आपण तोंडावरचा हात काढलात तर आणखी येईल." नोकरी लागली!

अमेरिकेहून फोन यायचे, लाइन खरखरायची, सगळे न समजताच 'येस, येस' म्हणायचे. मिलिंद मात्र म्हणायचा, "पुन्हा सांगा, ऐकू आलं नाही." एकदा त्यानं लागोपाठ तीनदा विचारलं. बाकीचे लाजेनं खाली बघत होते. तिसऱ्यांदा कळलं, समोरचा जुनी माहिती पुसू 'नका' म्हणत होता. अर्ध्या टीमनं 'पुसा' ऐकलं होतं. पुढे प्रत्येक महत्त्वाच्या फोनला साहेब त्याला शेजारी बसवून घ्यायचे.

त्याच डॉक्टरीणबाई नंतर असा आजार असलेल्या मुलांच्या आईवडिलांना रविवारी आमच्या धायरीच्या घरी पाठवू लागल्या. मिलिंद त्यांच्याशी तासन् तास बोलायचा.

गेल्या रविवारी येरवड्याहून एक जोडपं आलं, कडेवर लेक. त्यांना काही माहीत नव्हतं. मी त्यांना मिलिंदच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि तो गेल्याचं सांगितलं. मग त्या आईनं चाचरत विचारलं, "किती वर्षांचे होते?"

"एकेचाळीस."

तिनं झटकन नवऱ्याचा दंड धरला. "अहो, ऐकलंत? एकेचाळीस!"