काचेवर उतू गेलेलं दूध

दोन हजार सालानंतर अवसरीत आम्ही नवं घर बांधलं. त्याच सुमारास माझा मेव्हणा आखातातली नोकरी सोडून परत आला आणि येताना बहिणीसाठी विजेची शेगडी घेऊन आला. वरून नुसती काळी काच. बर्नर नाही, जाळी नाही. काचेवर दोन वर्तुळं आखलेली, एक थोरलं, एक धाकटं. बटण फिरवलं की काचेच्या पोटात तार लाल व्हायची. मी ती ओट्यावर ठेवून पहिल्यांदा चालू केली तेव्हा मला लहान पोरासारखा आनंद झाला, आणि तो लपवायचा मी प्रयत्नही केला नाही.

आनंदाला कारण होतं. बायकोला दमा. मंचरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की स्वयंपाकघरात धूर असेपर्यंत औषधांचा उपयोग नाही. जुन्या घरात गॅस होता, पण त्यावर फक्त चहा व्हायचा. आईला गॅसच्या वासाने मळमळायचं, ती गॅसवरची भाकरी तोंडात घालायची नाही. ती डोंगरातल्या तळेघरकडची, नाचणीच्या भाकरीवर आणि चुलीच्या धगीवर वाढलेली. म्हणून दोन्ही वेळेला चूल पेटायची आणि बायको पदर नाकाला लावून भाकऱ्या थापायची. या शेगडीला धूर नव्हता आणि वासही नव्हता. आईला आणि बायकोला दोघींना चालेल अशी ही पहिलीच वस्तू घरात आली होती.

आईने शेगडीभोवती दोन चकरा मारल्या, काचेवरून हात फिरवला आणि तिची अट सांगितली. "वास्तूच्या दिवशी पयलं दूध जिच्यावर उतू जाईल ती घराची चूल. ह्या काचंवर जाऊ दे उतू, मी हिच्यावरची भाकरी खाईन. न्हाई गेलं, तर ह्या कोपऱ्यात मातीची चूल घालायची. मंग कुनी कायबी बोलायचं न्हाई."

अट रास्त होती. अडचण वेगळीच होती. शेगडीबरोबर आलेली पुस्तिका मी दोनदा वाचली होती. तीत पहिल्याच पानावर बजावलं होतं की साखर आणि दूध तापल्या काचेवर सांडू देऊ नका, करपून काचेला चिकटतं आणि डाग कायमचा राहतो. म्हणजे आईला जे हवं होतं तेच काचेला नको होतं. पातेल्याखाली परात ठेवू का, असं मी विचारून पाहिलं. आई म्हणाली, विस्तवाला दूध पोचलं नाही तर ते उतू गेलं असं म्हणतच नाहीत.

मी मंचरच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचो. वास्तूला आठवडा होता. मी रोज संध्याकाळी दूध तापवायला बसलो. ही शेगडी गॅससारखी नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं. बटण बंद केलं तरी काच लगेच थंड होत नाही, दूध आणखी मिनिट-दीड मिनिट चढतच राहतं. मग शेवटची वीज फुकट का जाळायची? तांदूळ शिजत आले की बंद, डाळ मऊ झाली की बंद, बाकीचं काम काच करते. पातेलं मात्र सपाट बुडाचं हवं आणि वर्तुळाएवढं हवं. आमचं जुनं पोचे आलेलं पातेलं ठेवलं तर पाणी उकळायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. आणि दुधाचं गणित असं सुटलं: दूध वर येण्याआधीच बटण बंद करायचं. मग ते उरलेल्या उष्णतेवर उतू जातं, निवत चाललेल्या लाल कडेवर पडतं, चर्रकन वाजतं, पण जळून बसत नाही. आणि लगेच, काच गरम असतानाच, शेगडीबरोबर आलेल्या पात्याने खरवडून घ्यायचं. त्या आठवड्यात घरात इतका खवा-बासुंदीचा थाट झाला की मेव्हणा म्हणाला, "दाजी, वास्तू पुढच्या महिन्यात ढकला, माझं वजन वाढू द्या."

शेगडी सांभाळायचे नियम मी बायकोला सांगितले, पण तिला ते आधीच पाठ होते. पातेलं ओढायचं नाही, उचलून ठेवायचं. काथ्या नाही, राख नाही. आई मात्र सवयीने पातेल्याच्या बुडाला ओल्या राखेचं लेवण द्यायची, काजळी सहज निघावी म्हणून. या शेगडीवर काजळी धरतच नाही हे तिला पटेना. राखेतला एक खडा काचेवर ओरखडा काढायला पुरे होता. बायको मागाहून ते बूड धुऊन ठेवायची.

वास्तूच्या दिवशी पूजा आटोपली आणि माणसं स्वयंपाकघराच्या दाराशी जमली. आईचा चुलतभाऊ माती मळून तयार बसला होता. बायकोने नवं पातेलं ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं, बटण फिरवलं. दूध ढिम्म. नेहमीच्या वेळेला साय धरायला हवी होती, ती नाही. काचेखालची तार लाल होण्याऐवजी विटकरी दिसत होती.

मी पुढच्या खोलीत टीव्हीच्या स्टॅबिलायझरकडे धावलो. काटा एकशे सत्तरवर, हवा दोनशे तीसवर. व्होल्टेज पाऊणपट झालं की उष्णता निम्म्यावर येते, हे मी पोरांना दरवर्षी शिकवायचो. आठवडाभर मी संध्याकाळी दूध तापवलं होतं, तेव्हा शेतीची लाईट नसायची. आता सकाळची पाळी होती आणि सगळ्या शिवारातल्या मोटारी कांद्याला पाणी देत होत्या.

दाराशी कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, तीन विटा मांडा, काटक्या पेटवा, मुहूर्त कशाला घालवता? चुलतमामा उठलाही. विटा एकदा मांडल्या गेल्या असत्या तर त्या कायमच्या, हे मला कळत होतं. बायकोलाही कळत होतं. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "अहो, शेजारच्या भाऊंची मोटार आपल्याच तारेवर आहे ना?"

मेव्हणा बांधावरून पळत सुटला. मी खिडकीतून बघत होतो. शेजारचे भाऊ फावडं टेकून उभे राहिले आणि त्यांचा आवाज इथपर्यंत आला. "दुधासाठी कांद्याचं पाणी तोडू का राव? आठ तासांची लाईट, त्यात तुमचं दूध." मेव्हण्याने काय सांगितलं ते ऐकू आलं नाही. भाऊ मोटारीच्या पेटीकडे गेले. मोटारीची घरघर थांबली. त्यांनी पलीकडच्या शेतात हाक मारली, ती मोटारही थांबली.

काटा उचलला. एकशे नव्वद. दोनशे पाच. मी आकडे ओरडत स्वयंपाकघरात आलो. तार लालबुंद झाली होती. आता माझं आठवड्याचं गणित कुचकामी होतं, कारण अर्धं दूध कमी विजेवर तापलं होतं. बटण कधी बंद करायचं हे मला सांगता येईना. बायको दुधावर वाकली होती. कडेने साय सुरकुतली, मधे फुगायला लागली, आणि तिने बटण बंद केलं. दोन माणसं एकदम म्हणाली, बंद का केलं? दूध थांबलं नाही. सावकाश चढलं, काठाशी आलं, आणि पूर्वेच्या अंगाने काचेवर उतरलं. चर्र वाजलं. आईने हात जोडले.

मग तिने सवयीने ओलं पोतेरं उचललं आणि शेगडीकडे नेलं. चूल निवताना ती आयुष्यभर तेच करत आली होती. बायकोने सगळ्यांसमोर तिचं मनगट धरलं.

"आत्या, ओलं नको. काच तडकेल. मी करते."

असं सासूला अडवलेलं मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. आईने पोतेरं खाली ठेवलं. बायकोने पातं आडवं धरून काचेवरून सरकवलं. तपकिरी पापुद्रा एका लांब गुंडाळीत निघून आला. खाली काच जशीच्या तशी, काळी, चकचकीत. आई वाकून बघत राहिली. तिने बोटाने दाबून पाहिलं असतं, पण बायको म्हणाली, अजून भाजेल, तेव्हा हात मागे घेतला.

"आन् भाकरी फुगंल का हिच्यावर?" आईने विचारलं.

"फुगेल," बायको म्हणाली. "सपाट तवा आणलाय."

आईने चुलतभावाकडे वळून सांगितलं, "ती माती मागं परसात ने. अंगुळीच्या पान्याला चूल घाल. हिथं नगं."

माणसं पंगतीकडे निघाली. बाहेर मेव्हणा शेजाऱ्यांना हात हलवून मोटार चालू करायला सांगत होता. मी बायकोकडे पाहिलं. काच केव्हाच स्वच्छ झाली होती, आणि चुलीवाचून मोकळ्या राहिलेल्या कोपऱ्याकडे बघत ती अजून पातं फिरवत होती.