शूटिंगवाल्याचा उजवा हात

आमच्या रिसोड तालुक्यात व्हॉलीबॉल दोन आहेत आणि त्या दोघांचं आपसात सोयरसुतक नाही. गावातला तो शूटिंग: दोन्ही हातांची मूठ बांधायची आणि बॉल सरळ नेटवरून सोडायचा. कॉलेजातला तो स्मॅशिंग: उडी मारून वरून एका हातानं दणका. शूटिंगमध्ये असा दणका दिला की फाऊल. आमच्या गावात तर ते पापच.

मी गावाचा शूटर होतो. चांगला होतो, उगाच लाजून काय सांगू? पण शूटिंगवर नोकरी लागत नाही. वाशीमच्या कॉलेजातले खेळाचे सर म्हणाले, उंची आहे, स्मॅशिंगला ये, खेळाडू कोट्यातून पोलिसात लागशील. मी गेलो. आमच्या गावच्या संघाचा कप्तान म्हणजे माझा मोठा चुलतभाऊ. रिसोड-वाशीम जीप चालवायचा, आणि मी त्याच्याच जीपनं जायचो. आरशात पाहून म्हणायचा, "जाय बाप्पा, जाय. हात बिघडला का मंग येजो रडत."

मी हसायचो. सरांनी सुरुवातीचे महिने माझे हात वेगळे करण्यातच घालवले. डावा हात रुमालानं पाठीशी बांधायचे आणि उड्या मारायला लावायचे. एवढं करून निवडीच्या सामन्यात काय झालं? नेटवर बॉल असा मस्त उचलून दिलेला, मी उडी मारली आणि वर जाऊन दोन्ही हातांची मूठ बांधली! बॉल नेटमध्ये. अख्खं मैदान खदखदा हसलं. जित्याची खोड, दुसरं काय. निवड हुकली.

गावात परत आलो. वाटलं, आपलं घर तर आहे. कप्तानानं सरावाला उभं केलं, आणि पहिलाच उंच बॉल आला तसा उजवा हात एकटाच वर गेला. फाऊल. पुन्हा फाऊल. डावा हात वेळेवर पोचायचाच नाही. आठवडाभर हाच तमाशा. तेलही गेलं, तूपही गेलं.

"भाऊ, मले खेळू दे. मले खेळ येते."

"तुले येते रे. तुह्या हाताले येत नाही," कप्तान म्हणाला, आणि गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात अडकवली. "पंच हो. दोन्ही खेळ समजते तुले."

तेव्हापासून मी नेटपाशी उंच खुर्चीवर बसतो. लोक "सर" म्हणतात. त्या शब्दाचा मला भयंकर राग येतो. खाली पोट्टे घामानं निथळत असतात आणि मी वर कोंडल्यासारखा. सामना संपेपर्यंत उतरायची सोय नाही.

यंदा गावच्या स्पर्धेत फायनल आमची आणि शेलूबाजारकडच्या एका संघाची लागली. अटीतटीचा सामना, शेवटच्या पॉइंटवर आला. बॉल उंच उडाला, नेटवरून आमच्या बाजूला, अगदी माझ्या डोळ्यांसमोरून, आणि माझा उजवा हात आपसूक वर गेला.

पंचाचा ज्या बाजूचा हात वर, पॉइंट त्या बाजूला. उजवीकडे पाहुणे होते. आमच्या शूटरनं माझा हात पाहिला, फाऊल झाला समजून बांधलेली मूठ सोडली. बॉल त्याच्या पायाशी पडला. पाहुणे नाचायला लागले.

चुकून हात गेला म्हणावं, तर पाहुणे म्हणणार, गावचा पंच गावासाठी फिरला. गप्प बसावं, तर माझ्याच पोट्ट्यांची फायनल माझ्याच हातानं गेली. काय सांगू कोणाला? पोट्टे वर माझ्याकडे पाहत होते, आणि मी हातासकट तसाच थिजलो होतो.

कप्तान खुर्चीखाली आला. मला वाटलं, शिव्या घालणार. घालायलाच पाहिजे होत्या.

"हात खाली घे रे बाबू," तो हळूच म्हणाला. "पॉइंट गेला."