चिनीच्या मॅडम

"तोंड बंद. आधी हातानं बोल." आमच्या परतूरच्या शाळेत शनिवारी दुपारी हे ऐकू आलं की समजावं, चिनीच्या मॅडम आल्या. चिनीत सूर बदलला की अर्थ बदलतो, म्हणून शब्द उच्चारण्याआधी त्याचा चढउतार मॅडम हवेत हातानं काढायला लावत. खिडकीतून पाहणाऱ्याला वाटावं, नववीची पोरं माश्या हाकलून राह्यलीत.

मॅडम मूळच्या भोकरदनच्या. जालन्याच्या एका कारखान्यात चिनी यंत्रं बसवणाऱ्यांच्या त्या दुभाषी होत्या. मग ही भाषा पोरांना फुकट शिकवायचं त्यांच्या मनानं घेतलं. गावानं नावं ठेवलीच. मीही, मराठीचा मास्तर, म्हणालो, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मॅडम हसल्या. "इंग्रजी अक्षरांत चिनी लिहिलं की घोळ होतो, सर. आपल्या प-फ, त-थ मध्ये ते बराबर बसतं." माझ्या मराठीचं असं कौतुक शाळेत आजवर कोणी केलं नव्हतं. मी गार पडलो.

वर्गासाठी मॅडमनी किती उंबरठे झिजवले! शेवटी संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी अट घातली: कारखान्यातल्या चिनी इंजिनिअरला बोलावतो, पोरं त्याच्याशी बोलली तर वर्ग चालू, न्हाई तर बंद.

पाहुणे आले. शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ. आपल्याकडं सत्कार म्हणजे घड्याळ. तुमच्याही घरी दोन-तीन असतील, एखादं चालूही असेल. पण साहेबांनी ते पुढं केलं आणि पाहुण्याचा चेहराच उतरला. मॅडम उठायला लागल्या, तेवढ्यात नववीतली नसरीन उठलेली दिसली, तशा त्या परत बसल्या. नसरीननं पाहुण्यासमोर तळहात धरला आणि ती चिनीत काहीतरी बोलली. पाहुणा आधी चकित झाला, मग खो खो हसला. त्यानं एक नाणं तिच्या हातावर ठेवलं आणि घड्याळ छातीशी धरलं.

साहेब लालबुंद. पाहुण्याकडं भीक मागते? मॅडमनी समजावलं की चिनीत 'घड्याळ देणं' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणं' एकसारखंच ऐकू येतं. नाणं घेतलं की ती भेट राहत नाही, सौदा होतो, अपशकुन टळतो. हे वर्गातच शिकवलेलं. पण चारचौघांत फजिती झालेल्या माणसाला काय समजावणार? पोरीनं माफी मागावी, नाही तर वर्ग बंद, साहेब म्हणाले.

मला वाटलं, एवढा खटाटोप केलाय, मॅडम पोरीला माफी मागायला लावतील. कोणीही लावली असती. मीसुद्धा.

"ती माफी मागणार न्हाई, साहेब," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तिनं पाहुण्याचा मान राखला. वर्ग बंद करा."

त्या दिवसापासून मी या बाईला मनातून मानतो. वर्ग बंद झाला, आणि पुढं त्या जालन्याला राहायला गेल्या. आता शनिवारी दुपारी शाळा फार सुनी वाटते.

परवा नसरीन बाजारात भेटली. चिनी विसरलीस का, विचारलं. म्हणाली, कशी विसरणार, मॅडम रोज संध्याकाळी फोन करतात, सगळं चिनीत. पहिला प्रश्न ठरलेला: जेवलीस का? तिकडं चीनमध्येही माणूस भेटला की हेच विचारतात म्हणे.

"मंग तू काय सांगतेस?"

"जेवले म्हणते. न्हाई जेवले तरी," ती म्हणाली. "खरं सांगितलं तर आधी जेव म्हणतात, अन् फोन ठेवून देतात."