कच्चा रंग

आमच्या पलूसच्या सलिमा रंगारणीनं रंगवलेलं कापड फाटेल, पण त्याचा रंग विटणार नाही, असं बायका म्हणायच्या. सलिमालाही त्याचा भारी तोरा. लढाईपायी जर्मन रंगाच्या पुड्या बाजारातून गेल्या तेव्हा बाकीच्यांनी हात टेकले. ही मात्र सासूनं शिकवलेली रानातली विद्या घेऊन बसली. पळसाची फुलं, बाभळीची साल, ओढ्याकाठची जांभळं. काळ्या रंगासाठी कापड आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवायचं, शेवटी गंजक्या लोखंडाचं पाणी पाजायचं. मग तो रंग जन्माचा.

एका दुपारी मनुबाई तिच्याकडे आली. काखेत सुनेचं, विजयमालेचं, हिरवं लुगडं. मनुबाईचा मुलगा आकाराम पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेला होता. तो बेपत्ता झाल्याचं सरकारनं कळवलं आणि भावकीनं त्याला आपल्या मनानंच मारून टाकलं. विजयमालेनं आता हिरवं नेसायचं नाही, असं ठरलं. लढाईमुळं कापड कंट्रोलात, मोजूनमापून मिळायचं; दुसरं लुगडं कुठून आणणार?

"काळं करून दे," मनुबाई म्हणाली.

"आवं मनुआक्का, मढं कुणी बघितलंय का?"

"तुला रंग सांगितलाय, सल्ला न्हाई इचारला."

सलिमाला संताप आला. बेपत्ता म्हणजे मेला, हे ठरवणारे हे कोण टिकोजीराव? ती लुगडं घेऊन हिरड्याच्या मडक्यापाशी गेली आणि तिचा हात थांबला. एकदा यात मुरलं की ते हिरवं पुन्हा दिसणार नव्हतं. तिनं मडक्यावर झाकण ठेवलं आणि लुगडं नुसत्या जांभळाच्या रसात बुडवून काढलं. वाळल्यावर वरून काळंच दिसलं.

"लगीच धुवू नगासा," तिनं देताना बजावलं.

पण न धुता लुगडं किती दिवस नेसणार? सलिमाचा जीव टांगणीला लागला. विजयमाला ओढ्याकडं निघालेली दिसली की ही हातातलं काम टाकून दारात यायची. भावकीला कळलं तर रंगारणीनं आमच्या घरात नाक खुपसलं म्हणून तिची भट्टी मोडली असती, आणि त्या पोरीचे हाल कुत्र्यानं खाल्ले नसते.

शेवटी एका सकाळी मनुबाई पदराखाली ओला बोळा दाबून आली. आत येऊन तिनं आधी दाराला कडी घातली. मग लुगडं उलगडलं. जांभळे ओघळ, आणि त्यांच्यामधून हिरवं लख्ख वर आलेलं.

"कुणी बघितलं?" सलिमानं हळूच विचारलं.

"कुणी न्हाई. म्याच धुतलं, घरात."

"आक्का, चुकलं माझं. आत्ता पक्कं करून देते." सलिमानं घाईघाईनं हिरड्याचं मडकं पुढं ओढलं.

मनुबाईनं तिचं मनगट धरलं.

"पक्कं नगं," ती म्हणाली, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू तिला आवरेना. "मागल्यावानीच दे. आकाराम आल्यावर पोरीला हिरवं लागंल की गं."