लाँड्री रूममधली फोडणी

दुकानातल्या मिक्सरशी, टोस्टरशी, राइस कुकरशी माणसाशी बोलावं तसं बोलणारा एकच माणूस मी आजवर पाहिला. तो खोका हातात घ्यायचा, उलटसुलट करायचा, चष्मा कपाळावर सरकवून त्यावरची बारीक अक्षरं वाचायचा आणि मग त्या खोक्यालाच विचारायचा, “हे झालं. आणखी काय येतं तुला?” खोका अर्थातच गप्प. मग त्याच्या वतीने हाच उत्तर द्यायचा. उत्तर पटलं नाही तर खोका परत फळीवर. “एकच काम येतं बिचाऱ्याला. मोठ्या घरी जा रे बाबा, तिथे निभेल तुझं.”

त्याचं नाव मिलिंद. पण अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या त्या गावातल्या सगळ्या मराठी पोरापोरींत तो ‘मल्टी’ होता, कारण ‘मल्टिपर्पज’ हा शब्द त्याच्या तोंडून दिवसातून अनेकदा बाहेर पडायचा. मूळचा नागपूरचा, इंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करणारा, आणि ती पीएचडी संपायचं नाव घेत नव्हती. माझा नवरा समीर त्याच्याच लॅबमध्ये ज्युनिअर. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी लग्न होऊन सांगलीहून तिथे पोचले, आणि दुसऱ्याच दिवशी हा उंच, वाकलेला, विस्कटलेल्या केसांचा माणूस दारात उभा. “वहिनी, बॅगा उघडू नका एवढ्यात. आधी किचन बघू द्या.”

किचन असं काही नव्हतंच. विवाहित विद्यार्थ्यांच्या बिल्डिंगमधली एक खोली. एका भिंतीला पलंग, समोरच्या भिंतीला शेगडी, सिंक आणि त्यांच्यामध्ये पोळपाट जेमतेम टेकेल एवढा ओटा. पलंगावर बसून हात लांबवला की फ्रीज उघडायचा. मल्टीने ओटा वितीने मोजला, कपाटं उघडून आत डोकं घालून पाहिलं आणि ओट्याजवळच्या एकुलत्या एक प्लगपाशी येऊन मान हलवली. “इथे एका वेळी एकालाच नोकरी आहे,” तो म्हणाला. “माणूस नीट निवडावा लागेल.”

त्याच्याकडे जुनी, करकरणारी गाडी होती आणि नव्याने आलेल्या प्रत्येकाला तो तिच्यातून दुकानात न्यायचा. मी निघताना मैत्रिणींनी मला इतकं काय काय सुचवलं होतं! फूड प्रोसेसर, टोस्टर, सँडविच मेकर. दुकानात शिरल्या शिरल्या मी एक लालचुटूक सँडविच मेकर उचलला.

“वहिनी, तुम्ही रोज सँडविच खाता?”

“रोज नाही. कधीतरी.”

“मग कधीतरीच्या पाहुण्याला कायमची खोली काहून देऊन राहिल्या तुम्ही?”

मला राग आला. मी समीरकडे पाहिलं. समीर अत्यंत एकाग्रतेने चमचे बघत होता. शेवटी आम्ही घरी आणल्या त्या तीनच वस्तू. वरती वाफेची चाळणी बसणारा राइस कुकर, छोट्या भांड्यासकट एक दणकट ब्लेंडर आणि टोस्टर ओव्हन. प्रत्येक वस्तू त्याने मला दुकानात उचलायला लावली होती. “उचलून बघा. जी कपाटातून काढताना कपाळाला आठी पडते ना, ती कपाटातच म्हातारी होते.” दुकानातली एक आजी मदतीला आली, तर त्याने तिला टोस्टर ओव्हनमध्ये वांगं भाजता येईल का म्हणून विचारलं. ती म्हणाली, असं आजवर कुणी विचारलेलं नाही. मल्टी तिला म्हणाला, “मग मी करून तुला सांगतो.” आणि पुढच्या आठवड्यात खरंच सांगून आला.

माझा राग भरीत खाईपर्यंत टिकला. वांगं ओव्हनमधून असं काही मऊसूत निघालं होतं की मी दुसरी भाकरी मागून घेतली. त्यानंतर राइस कुकरच्या चाळणीत ढोकळा झाला, अळूवड्यांऐवजी तिथल्या कोलार्ड नावाच्या पालेभाजीच्या पानांच्या वड्या झाल्या. खाली वरण, वर भाजी. त्या एका प्लगवर आमचं सगळं घर चालायचं.

तो चुकायचा नाही असं मात्र नाही. एकदा त्याला कुणाच्या तरी घरी गरम हवेने पॉपकॉर्न फुलवणारं यंत्र दिसलं आणि त्याच्या डोक्यात ज्वारीच्या लाह्या शिरल्या. इंडियन ग्रोसरीत मिळालेली ज्वारी आणि ते मागून आणलेलं यंत्र घेऊन तो आमच्याकडे आला. आम्ही चारपाच जण भोवती बसलो. त्याने बटण दाबलं, आणि मक्याच्या मानाने हलकी असलेली ती ज्वारी फुलायच्या आतच पंख्याच्या जोराने बाहेर उडाली. पलंगावर, पुस्तकांवर, समीरच्या शर्टात. मल्टी दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या वर्षावात उभा होता आणि ओरडत होता, “बंद करा बे, कुणीतरी बंद करा!” बटण त्याच्याच समोर होतं. पुढे बरेच दिवस चालताना आमच्या पायाखाली ज्वारी कुरकुरायची. त्या यंत्राबद्दल नंतर विचारलं की तो गंभीरपणे म्हणायचा, “चूक त्याची नाही. मी त्याला नको ते काम सांगितलं.”

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात मला दिवस होते. सातव्या महिन्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाला बाहेर यायची घाई दिसतेय. त्याला थोपवायचं तर आता पडून राहायचं, बाथरूमपुरतंच उठायचं. आईने व्हिसासाठी अर्ज केला, तो नामंजूर झाला. समीरला अंडं उकडता यायचं आणि नूडल्स करता यायच्या. पण खरी अडचण वेगळीच होती. मला फोडणीचा वास सहन होईना. तेल तापलं की पोटातून उमळून यायचं. आणि शेगडी तर पलंगासमोरच! खिडकी उघडावी तर बाहेर बर्फ. मी सीरिअल आणि केळी खाऊन दिवस काढत होते. भूक फक्त घरच्या जेवणाची लागायची आणि ते समोर शिजलं की जेवण जायचं नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. बाळाचं वजन हवं तसं वाढत नव्हतं.

समीरने लॅबमध्ये हे मल्टीला सांगितलं. संध्याकाळी तो आला, बूट काढून दारातच उभा राहिला. एकदा पलंगाकडे बघत होता, एकदा शेगडीकडे. मग म्हणाला, “समीर, खाली लाँड्री रूममध्ये कपड्यांच्या घड्या घालायचं मोठं टेबल आहे ना? त्याच्या बाजूला प्लग आहे?” समीर म्हणाला, “आहे बहुतेक.” मल्टी बूट घालून तसाच खाली गेला.

दुसऱ्या दिवशी दोघं दुकानात गेले. समीरला स्लो कुकर घ्यायचा होता. सकाळी सगळं टाकायचं, संध्याकाळी जेवण तयार; त्याच्यासारख्याला बरं. मल्टीने तो खाली ठेवायला लावला. “ह्यात मोहरी तडतडते का? नाही. मग वहिनींना घरची चव कुठून येईल? आणि दिवसभर खाली कोण बसेल?” बराच वेळ फिरून त्याने एक विजेची कढई काढली. चौकोनी, खोलगट, काचेचं झाकण, बाजूला तापमानाची चकती. तेल तापेल, झाकण ठेवून वाफ येईल, थालीपीठ लागेल, पिठलं होईल. समीरला ती एका हाताने धरून जिना चढायला लावायचा त्याचा विचार होता; दुकानात जिना नव्हता म्हणून त्याने समीरला ती धरून सगळ्या रांगांमधून फिरवलं. मग ती आधी स्वतःच्या घरी नेली आणि आठवडाभर तिच्यात पोहे, उपमा, थालीपीठ करून पाहिलं. त्याचे रूममेट खूश होते.

बिल्डिंगचं काम जूडी नावाची एक बाई बघायची. तिची परवानगी काढायला मल्टी उपम्याची वाटी घेऊन गेला. तिने ऐकून घेतलं, चमचाभर खाल्लं, आणि म्हणाली की खिडकी उघडी ठेवायची, कढई सोडून हलायचं नाही आणि आग लागली तर मी तुला ओळखत नाही.

अशी तळघरात, ड्रायरांच्या घरघरीत, आमची फोडणी सुरू झाली. खालचं सगळं मला समीरकडून कळायचं. मोहरी उडायला लागली की तो मागे सरकायचा आणि मल्टी दरडावायचा, “तडतडू दे बे! बॉम्ब आहे का तो?” एका मुलाच्या चादरींना हिंगाचा वास लागला, तो भांडायला आला आणि पोहे खाऊन गेला. लिन नावाचा एक चिनी विद्यार्थी तर कपडे धुवायचे नसले तरी आपला वाडगा घेऊन यायला लागला.

पहिल्या दिवशी वर आलं ते थालीपीठ आणि दही. वासाचं कसलंही ओझं न घेता, झाकलेल्या ताटलीतून आलेलं. मी भीत भीत तुकडा मोडला. तो सहज खाली उतरला. दुसरा मोडला. मल्टी दाराशी उभा राहून छताला लावलेला स्मोक अलार्म निरखत होता, जणू त्यासाठीच आला होता. थालीपीठ संपलं तसा तिकडेच बघत म्हणाला, “आणखी एक लावू का?”

“लावा,” मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

रडणारी माणसं समोर असली की हात कुठे ठेवावेत ते त्याला कळायचं नाही. तो दारातच खाली बसला आणि एकदम बोलायला लागला. “माझ्या आईला दमा होता वहिनी. नागपुरात आमची एकच खोली. रॉकेलचा स्टोव्ह पेटला की तिला धाप लागायची. मग मी स्टोव्ह जिन्यात न्यायचो. येणारे जाणारे शिव्या घालायचे, वास घ्यायचे अन् विचारायचे, आज काय आहे रे?” तो हसला. “शाळेत होतो तेव्हा. तिला गरम जेवायला मिळायचं पण.”

“आता कशा आहेत त्या?”

“नाहीत आता,” तो म्हणाला आणि दुसरं थालीपीठ लावायला खाली गेला.

समीर लवकरच स्वयंपाकात तयार झाला, तरी मल्टी रोज यायचाच. लॅपटॉप आणायचा, ड्रायरवर ठेवायचा आणि कढई तापेपर्यंत थिसिस लिहायचा. मी एकदा म्हणाले, “आमच्यापायी तुमचा थिसिस मागे पडतोय.” तो म्हणाला, “तो कुठे पळून चालला? माझ्याशिवाय करमत नाही त्याला.” पण झालं उलटंच. तळघरात त्याला शोधत कुणी येत नव्हतं, इंटरनेट नव्हतं. लॅबमध्ये वर्षभर अडलेलं प्रकरण कपड्यांच्या त्या खोलीत पूर्ण झालं. त्याचे प्रोफेसर चकित झाले. कुठे बसून लिहिलंस, असं त्यांनी विचारलं, तेव्हा हा खरं तेच बोलला आणि त्यांना ती थट्टा वाटली.

बर्फ वितळायला लागलं तेव्हा रेवा झाली. थोडी लवकर आली, अंगाने बारीक, पण आवाज असा की नर्स हसायला लागली. काचेपलीकडून तिला बघून मल्टी समीरला म्हणाला, “थालीपिठाचा आवाज आहे हा.”

रेवाची उष्टावण आली. पहिला घास मामाने भरवायचा आणि माझा भाऊ सांगलीला. मी मल्टीला विचारलं, “तुम्ही बसाल का मामा म्हणून?” त्याने चष्मा कपाळावर नेला, परत खाली आणला. “मला येतं का ते?” इतकंच म्हणाला. त्या दिवशी तो कुणाचा तरी मागून आणलेला, खांद्यावरून ओघळणारा झब्बा घालून आला. जूडी आली, लिन आपला वाडगा घेऊन आला. मल्टीने रेवाला मांडीवर घेतलं, केव्हाच निवलेल्या खिरीवर पुन्हा पुन्हा फुंकर घातली आणि चमचा तिच्या ओठांना लावला. रेवाने ती खीर चाखली, विचार केला आणि सगळी झब्ब्यावर उडवली. आम्ही हसून लोटपोट झालो. “थांबा, थांबा,” तो म्हणाला, “ओळख व्हायचीय अजून.” दुसऱ्या चमच्याला ती मिटक्या मारायला लागली. मल्टीने मान वर केली. डोळे भरले होते. “ताई,” तो म्हणाला, “खाऊन राहिली बघ.” वहिनीची ताई झाली आणि अहोचं अगं, हे त्याचं त्यालाही कळलं नसावं.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी त्याचा थिसिस मंजूर झाला आणि पार पश्चिम किनाऱ्यावर, ऑरेगनला नोकरी लागली. गाडीनेच जाणार होता. निघायच्या दिवशी दुपारी निरोप घ्यायला आला. रेवा झोपली होती. मी उठवते म्हणाले, तर नको म्हणाला. समीरला मिठी मारली, मी दिलेल्या दशम्या घेतल्या, पलंगाच्या कडेला उभा राहून तिच्याकडे बघितलं आणि गेला. पार्किंगमधून करकरत गाडी निघाली, वळणापर्यंत आम्ही हात हलवला.

थोड्या वेळाने दार वाजलं. मल्टी. मला वाटलं काही विसरला.

“हायवेला लागलो होतो,” तो बूट काढत म्हणाला. “पण ती झोपेत असताना निघणं काही बरोबर वाटेना. उठून म्हणेल, मामा न सांगता गेला.”

“अहो, ती एवढीशी आहे. तिला काय कळतंय?”

“तिला नसेल कळत,” तो म्हणाला आणि पलंगाशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला. चहा नको म्हणाला. ऊन खिडकीतून सरकत भिंतीवर गेलं. बऱ्याच वेळाने रेवा चुळबुळली, डोळे उघडले, आणि समोरचा तो विस्कटलेला चेहरा बघून तोंडभर हसली.

मल्टीने तिची मूठ आपल्या बोटात धरली.

“येतो गं,” तो तिला म्हणाला आणि मग गेला.