कोर्टातला लोटा

सत्तरच्या दशकातली गोष्ट. तुमसरच्या शाळेत उन्हाळ्यात शिबिर भरायचं. सकाळी गळ्यात देशांच्या नावांचे पुठ्ठे अडकवून आम्ही ते ते देश व्हायचो आणि वाटाघाटी करायचो. दुपारी कोर्ट चालायचं. मी फ्रान्स होते. फ्रान्सचं मला काय सोयरसुतक! माझा जीव दुपारच्या कोर्टात. कारण बाबांनी बजावलं होतं, "केस जिंकली तं नागपूरले कॉलेजात पाठवतो. हरली तं मुकाट्यानं लग्नाले उभी राहजो."

शिकवायला एक म्हातारे, रिटायर झालेले वकील. शेवटच्या दिवसासाठी त्यांनी खटला रचला: एका शेतकऱ्यानं तलावाची पाळ फोडून गावाचं पाणी आपल्या भातशेतात, धानाच्या बांधीत घेतलं. शेतकरी झाली माझ्याच गावची, करडीची मैत्रीण, वडिलांचा दुपट्टा डोक्याला गुंडाळून. तिची वकील मी. पाळ तिनंच फोडलीय, हे आम्हा दोघींना सांगून ठेवलं होतं; तिनं शेवटपर्यंत नाकारायचं आणि समोरच्या वकिलानं ते वदवून घ्यायचं. समोरचा पोरगा नुसता घसा फोडणारा. मी निर्धास्त.

पण नको तिथं अक्कल चालवायची माझी खोड! आमच्याकडे पाण्यावरून भांडण झालं, की लोट्यात तलावाचं पाणी घेऊन, त्यात चिमूटभर धान टाकून त्यावर हात ठेवायला लावतात. मग कुणी खोटं बोलत नाही. कोर्ट खरं वाटावं म्हणून रविवारी घरी गेले तेव्हा आटलेल्या तलावातला चिखल तुडवत मी तसा लोटा भरून आणला.

मैत्रिणीनं लोट्यावर हात ठेवला. समोरच्यानं विचारलं, "पाळ तुम्ही फोडली?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, लोट्याकडे पाहिलं.

"हाव जी. मीच फोडली."

सगळे खो खो हसले. खटला तिथंच संपला. बाहेर येताच मी तिच्यावर खेकसले, "काहून वो भवाने? नाटक होतं ना!"

"नाटक होतं, पण पाणी तं आपल्याच तलावाचं होतं ना," ती रडत म्हणाली. "मले नाई जमलं."

बाबांनी मागच्या बाकावरून सारं पाहिलं होतं. यष्टीच्या थांब्यावर आम्ही दोघं बसलो, मधे तो लोटा. ते शांतपणे म्हणाले, "हरली ना वो पोरी. आता नागपूरचं नाव नको काढू. आन खरं सांगू? तुह्यात वकिलीचं काही दिसलंच नाई मले."

हे मात्र झोंबलं. समोरच्याचे साक्षीदार मी त्याच दुपारी एकेक करून गप्प केले होते, आणि तेव्हा बाबा पुढे सरकून, मान डोलवत ऐकत होते. माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं मी. असा संताप आला! लोटा उचलून त्यांच्यापुढे धरला.

"ठेवा हात, बाबा. आन हेच पुन्हा म्हणा."

त्यांनी हात पुढे केला. पाण्याकडे पाहत राहिले. करडीची यष्टी आली, लोक चढायला लागले. बाबांनी हात मागे घेतला.

"चाल," ते म्हणाले. "पाणी सांडू नको. घरी तुह्या मायले सांगा लागते, पोट्टी नागपूरले जाऊन राहिली म्हणून."