पालखीचा ओटा

पहिलं घर विकत घेतलं तेव्हा मी हवेतच होते. विंझरला, वेल्ह्याच्या रस्त्याला लागून, कौलारू, मातीच्या भिंतींचं. मूळ मालक पुण्यात स्थायिक झालेले. आम्ही नवराबायकोनं ठरवलं होतं की जुनं घर घ्यायचं, नीट करायचं आणि शनिवार-रविवारी गडांकडे पळणाऱ्या पुणेकरांना विकायचं. हे जमलं तर नोकरी सोडायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. नवऱ्याला बोलले नव्हते, पण त्याला ते कळलेलं होतंच.

दारावरचा निळा ऑइलपेंट खरवडला आणि खालून सागवान निघालं, तेव्हा मी अंगणात चक्क नाचले! कौलं उतरवून धुतली, फुटकी बदलली, मोरीच्या जागी झकास बाथरूम केलं. या धंद्यात पहिल्यांदा उतरणाऱ्याला माझं सांगणं आहे, आधीचे आणि नंतरचे फोटो काढत जा. गिऱ्हाईक बघो न बघो, आपल्याला मात्र रोज बघावेसे वाटतात.

पुण्याचं एक जोडपं बघायला आलं. बाईंना माजघरातला गारवा इतका आवडला की त्या जमिनीवर बसूनच राहिल्या. साहेबांनी एकच विचारलं, "गाडी आत कुठे लावायची?" दारापुढे भलामोठा दगडी ओटा, आणि गाडी रस्त्यावर ठेवायला ते तयार नव्हते. मी ताबडतोब म्हणाले, "ओटा काढून टाकू, त्यात काय!"

दुसऱ्या दिवशी गवंडी पहार घेऊन आला, तशा समोरच्या मावशी खरकट्या हातानं धावत आल्या.

"वटा फोडू नगा, ताई! जत्रंला देवाची पालखी हितंच टेकती."

"मावशी, घर आम्ही विकत घेतलंय."

"व्हय की. घर तुमचंच हाय. पन मंग पालखी कुठं बसवायची?"

गवंड्यानं पहार भिंतीला टेकवली आणि तो निवांत तंबाखू मळायला बसला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा म्हणाला, "फोड खुशाल. मग या गावात माणसं कामाला मिळवून दाखव." त्याचं बरोबर होतं, म्हणून आणखीच राग आला. तेव्हा लोकहो, जुन्या घराचं काहीही पाडण्याआधी समोरच्या घरी जाऊन चहा प्या.

ओटा राहणार, असं मी साहेबांना फोनवर कळवलं. ते म्हणाले, "मग बघू." मग बघू म्हणजे नाही, एवढं मला कळतं. नोकरी पुन्हा मानगुटीवर बसली. तरी हट्टानं मी त्या दोघांना जत्रेच्या दिवशी जेवायला बोलावलं.

आणि ते आले! गाडी पार शाळेपाशी लावून, उन्हातून चालत. थोड्याच वेळात ढोल जवळ आला, गुलाल उडाला आणि पालखी वळून आमच्या ओट्यापुढे थांबली. खोटं कशाला सांगू, माझ्या अंगावर काटा आला. एवढं सगळं आमच्या दारात चाललं होतं! पालखीचे भोई अनवाणी, तापलेल्या डांबरावरून आलेले.

"घरची बाई कुठंय?" मावशी ओरडल्या. "पानी घाला की पायावर!"

सगळा गाव माझ्याकडे बघायला लागला. तांब्या मी उचललासुद्धा. शेजारी पुण्याच्या बाई चपला काढून उभ्या होत्या. त्यांची नजर माझ्या हातातल्या तांब्यावर होती आणि साहेब ढोलाच्या तालावर मान डोलवत होते. ते घर त्या घटकेला मला हवं होतं. फार हवं होतं.

मी तांब्या बाईंपुढे धरला. म्हणाले, "घाला. घर तुमचं आहे."

त्यांनी नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पदर खोचला आणि पाणी घालायला वाकल्या.